गोड मका लावला, कणसं पिठूळ निघाली. वाण निवडताना तुम्ही नेमकं काय बघता?

वायंगणी
मंडळी, देव बरें करूं. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

गोव्यात डिचोली तालुक्यात तिळारीच्या कालव्याखाली आमची जमीन आहे. माझ्या वाट्याला आलेला तुकडा १,२०० चौरस मीटरचा. पावसाळ्यात भात. पूर्वी वायंगणही (हिवाळी भात) करायचो, पण लावणीला कामेरी (मजूर) मिळेनात, म्हणून काही वर्षं अळसांद्यांवर (चवळीवर) भागवलं. गेल्या हिवाळ्यात कुणीतरी डोक्यात भरवलं की गोड मका लाव, ७५-८० दिवसांत मोकळा होशील, पर्यटनाचा हंगामही सापडेल. सव्वा किलो संकरित बी आणलं. पाकिटावर पिवळंधमक कणीस, किंमत बघून आई म्हणाली, "सोन्याचं बी आणलंस की काय?"

पीक उत्तम आलं. ताटं छातीपर्यंत, कणसं टोकापर्यंत भरलेली. म्हापशाच्या बाजारात नेली. व्यापाऱ्याने एक कणीस सोललं, नखाने दाणा फोडला, चाखला आणि पोतं परत माझ्याकडे सरकवलं. "हें गोड न्हय, पिठूळ." दुसऱ्याकडे गेलो, त्याने ते पोतं सोडून बाकीची निम्म्या भावात घेतली. उकडून मी खाल्ली तेव्हा कळलं, त्याचं खरं होतं. एकाच कणसात काही दाणे साखरेसारखे, काही साध्या मक्यासारखे चिवट.

दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, बी चांगलंच होतं, तुम्ही काढायला उशीर केलात. यंदा परत लावायचाय. कुठला वाण घ्यावा? आणि तुम्ही लोक वाण निवडता तो कशावरून, पाकिटावरून की आणखी कशावरून?

मडगावकर_हल्ली_पुण्यात
बी बोगस असणार. पाकीट जपून ठेवलंय का? लॉट नंबर बघा, तक्रार करा. काही उपयोग होणार नाही, पण करा.

सत्तरीचो_गवळी
काढायला उशीर झाला असता तर सगळेच दाणे जून झाले असते. एकाच कणसात अर्धे गोड, अर्धे पिठूळ, याचा अर्थ वेगळा आहे. वायंगणीबाब, शेजारी कुणी गुरांसाठी मका पेरला होता का?

वायंगणी
हो, चुलतभावाने. त्याच्या चार गायी आहेत. मधे एक मेर (बांध) आणि एक रिकामी कोंडी (शेताचा तुकडा), म्हणजे साठ-सत्तर मीटर धरा. आफ्रिकन टॉल होता. त्याचा काय संबंध? मुळं तर एकमेकांना लागत नाहीत.

बीजपेटी
सगळा संबंध तिथेच आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण हे पाकिटावर कुणी छापत नाही.

मका परपरागित. तुऱ्यातले परागकण वाऱ्याने उडतात आणि कणसाच्या रेशमावर पडतात. रेशमाचा एकेक धागा म्हणजे एकेक दाणा. ज्या धाग्यावर ज्या मक्याचा परागकण पडला, तो त्या दाण्याचा बाप. आता, गोड मक्यातली साखर टिकते ती एका अप्रभावी गुणामुळे. साध्या मक्याचा परागकण आला की तो गुण झाकला जातो आणि त्या दाण्यात त्याच हंगामात स्टार्च भरतो. बहुतेक पिकांत परक्या परागाचा परिणाम पुढच्या पिढीत दिसतो, मक्याचा दाणा तो लगेच दाखवतो.

खात्री करायची असेल तर एखादं कणीस वाळवून बघा. गोड मक्याचा दाणा वाळला की सुरकुतून बेदाण्यासारखा होतो. ज्यात परका पराग गेला, तो दाणा फुगीर आणि गुळगुळीत राहतो.

वायंगणी
बीजपेटीताई, तुमचं वाचलं आणि तडक उठून रांधचीकुडीत (स्वयंपाकघरात) गेलो. आईने गेल्या वर्षीची चार कणसं चुलीवरच्या आडव्याला टांगून ठेवली होती, धुराने काळपट झालेली. एक उतरवून पुसलं. तंतोतंत! ओळीत पाच-सहा दाणे सुरकुतलेले, मधेच दोन टपोरे, परत चार सुरकुतलेले. म्हाताऱ्याच्या तोंडात मोजकेच दात राहावेत तसं. एका कणसावर मोजले तर टपोरे निम्म्याहून जास्त.

रंगावरून का कळलं नाही तेही आत्ता लक्षात आलं. भावाच्या मक्याचा दाणा पांढरा. मला वाटायचं भेसळ झाली असती तर पांढरे दाणे दिसले असते.

बीजपेटी
नाही दिसणार. दाण्यात पिवळा रंग पांढऱ्यावर वरचढ असतो, फार तर थोडा फिका पडतो. दोन प्रश्न. भावाचं शेत तुमच्या कुठल्या बाजूला? आणि त्याने पेरलं कधी?

वायंगणी
उगवतीला. त्याने माझ्या आठवडाभर आधी पेरलं होतं.

बीजपेटी
मग जुळलं सगळं. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, दुपारनंतर खारा वारा उलटा येतो. तुरा पराग सोडतो तो दव सुकल्यावर, सकाळी आठ ते अकराच्या सुमाराला, म्हणजे हा डोंगराकडचा मतलई वारा चालू असतानाच. तुमचा गोड मका पन्नासेक दिवसांत रेशमावर आला असेल, त्याचा आफ्रिकन टॉल पंचावन्न-साठ दिवसांत तुऱ्यावर. तो आठवडाभर पुढे होता, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी गाठले. उगवतीकडच्या ओळी जास्त बिघडलेल्या होत्या का?

वायंगणी
होय! बाजारात परत आलेलं पोतं त्याच बाजूचं होतं. आणि मी वर्षभर दुकानदाराला शिव्या घालतोय.

मडगावकर_हल्ली_पुण्यात
तक्रार रद्द.

घाटावरचा
नमस्कार, मी खानापूर बाजूचा. आमच्याकडे मका म्हणजे दाण्याचा मका, जातो कोंबडीखाद्याला. आम्ही वाण कसा निवडतो? पहिलं, पाऊस कधी सुटणार आणि पीक कधी निघणार. दुसरं, कणसाचं टोक पाल्याने पूर्ण झाकलं जातं की नाही. टोक उघडं राहिलं की परतीचा पाऊस आत शिरतो, बुरशी धरते, मग पक्षी आणि किडे. तिसरं, कणीस पक्व झालं तरी ताट हिरवं राहतं का. तसं राहिलं तर दाणा विकायचा आणि ताटं म्हशीला. पाकिटावरचं एकरी उत्पन्न आम्ही वाचतो, पण ते वाचून कुणी बी घेत नाही. कुणाच्या बांधावर काय उभं आहे ते सप्टेंबरात जाऊन बघतो.

गोव्यात दाण्याचा मका कुणी करू नये असं माझं मत. वाळवायचा कुठे? तुमच्याकडे पापडसुद्धा वाळत नाहीत.

सांगेकर_मोरड
पापड वाळतात हो, मार्चात या.
पण मुद्दा मान्य. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मक्याला पाय भिजवून उभं राहणं जमत नाही. रोप लहान असताना दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की पिवळं पडून बसतं. त्यामुळे पावसाळ्यात मका फक्त मोरडीवर (उंचावरच्या, पाणी न तुंबणाऱ्या जमिनीत) किंवा पोरसात (परसात) चिबूड-काकडीच्या कडेला, तोही चतुर्थीपुरता. आमच्या माटोळीला (गणपतीवर बांधतात त्या फळा-भाज्यांच्या मांडवीला) दोन कणसं लागतातच. शेतात मका तो भात कापल्यावर, तेसुद्धा पाणी असेल तरच.

आणि कुठलाही वाण लावा, रानडुकराला सगळे सारखेच. माझा अख्खा तुकडा दोन रात्रींत आडवा केला होता. गवा निदान शेंडे खाऊन जातो, डुक्कर मुळासकट लोळतं. मी आता मका सोडला, हळद लावतो.

सत्तरीचो_गवळी
आता गाईच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहितो. माझ्याकडे सात जनावरं, त्यातल्या तीन कामधेनू योजनेतून घेतलेल्या. माझं वाण निवडणं गाय करते.

आफ्रिकन टॉल हा संमिश्र वाण आहे, म्हणजे घरचं बी ठेवता येतं असा, संकरित नव्हे. उंची पावणेतीन-तीन मीटर, पाला भरपूर, हेक्टरी ५०-६० टन हिरवा चारा निघतो असं पुस्तकात लिहितात. माझ्या जांभ्या जमिनीत शेणखत घालूनही तितका कधी निघाला नाही, पण तरी भरपूर. पण दांडा मनगटाएवढा जाड होतो. कडबाकुट्टी नसेल तर गाय पाला ओरबाडते आणि दांडे गोठ्यात तसेच सोडते. माझ्याकडे यंत्र नव्हतं तेव्हा मी अर्धा चारा शेणात फेकत होतो. तेव्हा उपाय केला तो दाट पेरण्याचा. हेक्टरी ७५ किलोच्या हिशेबाने १,००० चौरस मीटरला साडेसात किलो बी. दाटीत दांडा बारीक राहतो. दाण्यासाठी पेरणारा माणूस तेवढ्या जागेत दोन किलो टाकतो, तो बघून म्हणतो हा वेडा झाला.

मग ज्वारी का नाही? कोवळ्या ज्वारीत विष असतं, गुडघ्याएवढी असताना जनावराने खाल्ली की तडफडून पडतं. मक्यात ती भीती नाही. कुठल्याही दिवशी कापा आणि घाला. घरात म्हातारी माणसंच गुरं बघत असतील तर ही गोष्ट टनांपेक्षा मोठी.

कापायची वेळ: निम्म्या ताटांना तुरे आल्यापासून दाण्यात दूध भरेपर्यंत, साधारण ६० ते ७५ दिवस. वायंगणीबाब, म्हणजे तुमच्या भावाने तुरा येऊ दिला यात त्याची चूक काहीच नाही. त्याने आधी कापला असता तर त्याचं नुकसान होतं.

घाटावरचा
गवळीबाब, मग बी दर वर्षी विकत घेता की घरचं ठेवता?

सत्तरीचो_गवळी
एका कोपऱ्यातली शंभर-दीडशे ताटं पिकू देतो, त्यातली चांगली कणसं. तीन-चार वर्षांनी नवीन आणतो, कारण घरचं बी हळूहळू उतरतं.

बीजपेटी
जमलं तर आणखी जास्त ताटांतून निवडा आणि शेताच्या मधली घ्या, कडेची नको. मोजक्याच कणसांचं बी ठेवलं तर नात्यातच लग्न लावल्यासारखं होतं, दोन-तीन पिढ्यांत ताटं खुजी व्हायला लागतात. आणि हे फक्त संमिश्र वाणाला लागू. आफ्रिकन टॉल, मांजरी, करवीर, पंचगंगा ही त्यातली नावं. संकरित मक्याचं बी घरी ठेवलं तर पुढच्या वर्षी एक ताट डोक्यावर, एक कमरेएवढं.

घरचं असो की विकतचं, १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाच-सहा दिवसांनी मोजा. प्रमाणित मक्याच्या बियाण्याला निदान ९० उगवले पाहिजेत. गोव्याच्या दमट हवेत उघडं राहिलेलं पाकीट पुढच्या हंगामात साठावर आलेलं मी पाहिलंय.

पोरसांतली
तुम्ही सगळे चारा आणि बाजार बोलताय, मी खाण्याचं बोलते. भाजायचं कणीस गोड मक्याचं असूच नये. निखाऱ्यावर ठेवलं की दाणे आक्रसतात, आतलं पाणी फुटतं आणि चव उकडलेल्या वाटाण्यासारखी. भाजायला साधा मका, दाणा दुधाचा संपून चिकाला लागलेला, त्याला मीठ-तिखट आणि लिंबू. पावसात रस्त्याच्या कडेला शेगडी घेऊन बसणाऱ्या बाईला विचारून बघा, ती गोड मका हातात घेत नाही. उकडून चमच्याने खायला देणारा मात्र दुसरं काही घेत नाही. तेव्हा आधी ठरवा की कणीस भाजणार कोण आणि उकडणार कोण.

बीजपेटी
ताईंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आफ्रिकेतल्या मलावी देशात हेच झालं. तिथे बायका मका उखळात कांडून पीठ करतात. सुधारित संकरित वाण आले ते मऊ, दाताळ (वाळल्यावर डोक्यावर खळगा पडणाऱ्या) दाण्याचे. कांडताना पीठ कोंड्यात जायचं आणि साठवणीत किडे लवकर लागायचे. उत्पन्न जास्त असूनही लोकांनी आपला टणक दाण्याचा गावठी मका सोडला नाही. शेवटी १९९० मध्ये एमएच १७ आणि एमएच १८ हे टणक दाण्याकडे झुकणारे संकरित वाण काढले, तेव्हा कुठे लोक वळले. पुढे त्याच देशात शेतकऱ्यांच्या शेतावर चाचणी घ्यायची एक पद्धत रुळली. गावात एका ठिकाणी सगळे प्रयोग शेजारी-शेजारी लावायचे, ती 'आई'. त्यातले तीन-चार प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या खतपाण्यावर करून बघायचे, ती 'पिल्लं'. सिमिट या मका-गव्हाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नंतर आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत मक्याच्या वाणांसाठी हीच पद्धत वापरली.

वायंगणीबाब, तुम्हीही एकाच वाणावर सगळा तुकडा लावू नका. दोन घ्या. पण दोन्ही गोडच, आणि दोन्ही एकाच प्रकारच्या गोडीचे. 'अतिगोड' आणि जुन्या पद्धतीचा गोड असे दोन गुण वेगळे आहेत, ते शेजारी लावले तर एकमेकांना बिघडवतात.

मडगावकर_हल्ली_पुण्यात
एक प्रश्न. तो जास्त प्रथिनांचा मका म्हणतात, तो कोंबड्यांना बरा ना? वडील गावी वीसेक पाळतात.

बीजपेटी
क्यूपीएम, म्हणजे क्वालिटी प्रोटीन मेझ. सुरिंदर वसल आणि इव्हँजेलिना व्हिलेगास यांना त्याच कामासाठी २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. लायसिन आणि ट्रिप्टोफॅन जास्त, कोंबड्यांना चांगलाच. आपल्याकडे विवेक क्यूपीएम ९ वगैरे वाण आहेत. पण तोही गुण अप्रभावी, म्हणजे शेजाऱ्याच्या साध्या मक्याचं दुखणं तिथेही आहेच. वीस कोंबड्यांसाठी एवढं करू नका.

सांगेकर_मोरड
अळीचं कुणीच बोललं नाही. २०१८ मध्ये कर्नाटकातून ती अमेरिकन लष्करी अळी देशात शिरली आणि तेव्हापासून मका लावणाऱ्याची झोप गेली. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या पानांत) बसते, वरून लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसते. गोड मक्यावर तर तिचं विशेष प्रेम. पहिले ३५ दिवस रोज सकाळी फेरी मारणं आलंच. अंडीपुंज दिसला की पान चुरगळा, लहान असताना निंबोळी अर्क, पोंग्यात चिमूटभर वाळू. ज्याला रोज शेतात जाणं जमत नाही त्याने वाणाची चर्चाच करू नये.

सत्तरीचो_गवळी
आणि चाऱ्याच्या मक्यावर जहाल औषध मारून लगेच गाईला घालू नका. लोक घालतात.

वायंगणी
सगळ्यांचे आभार. रविवारी कणीस घेऊन भावाकडे गेलो. आधी त्याला वाटलं मी भांडायला आलोय. दाणे दाखवले तर म्हणाला, "माझ्या मक्याने तुझा मका बाटवला?" आणि इतका हसला की गाय दचकली.

ताई, अंतर किती ठेवायचं? आम्ही मोजलं, कितीही सरकलो तरी शंभर मीटरच्या पुढे जमीनच नाही.

बीजपेटी
निदान २५० मीटर सांगतात, काही जण ४००. गोव्यात एवढी सलग जमीन एका कुटुंबाकडे असती तर हा धागाच निघाला नसता. अंतर जमत नसेल तर दिवस पाळा. दोन पेरण्यांत तीन-चार आठवडे. तुमचा रेशमावर येऊन सुकला की मग त्याचा तुरा निघू दे.

वायंगणी
ठरलं. मी २० नोव्हेंबरला, तो १५ डिसेंबरनंतर. तो म्हणाला तेवढ्या दिवसांत त्याच्या गायींनी काय खायचं? मी म्हटलं, कणसं काढून झाली की माझी ताटं सगळी तुझी. गोड मक्याचं ताट कणीस काढताना हिरवंगार असतं, हे त्याला गेल्या वर्षीच कळलं होतं, कारण बाजारातून परत आलेल्या पोत्यासकट सगळं त्याच्याच गोठ्यात गेलं होतं. तोवर तो मेरेवरचं नेपिअर गवत कापणार.

पोरसांतली
भावांनी एकत्र बसून पेरणीची तारीख ठरवली! आमच्या वाड्यावर सांगू नका, कुणी विश्वास ठेवणार नाही.

वायंगणी
*(दीड महिन्याने)*
धागा वर आणतोय, माफी असावी.

पेरलं ठरल्याप्रमाणे, दोन वाण, सहा-सहा ओळी आलटून पालटून. पाचव्या दिवशी मोर उतरले. उगवणारं बी ओळीने वेचत गेले, जणू मीच त्यांच्यासाठी दोरी धरून टोकलं होतं. कडेच्या दोन ओळींत ठिकठिकाणी जागा रिकाम्या. मी पणजीला कामावर. घरी आलो तर आईने नांग्या भरून टाकलेल्या. म्हटलं, बी कुठून आणलंस, माझं तर संपलं होतं? तर म्हणे, "भावाकडून आणलं मूठभर. मकोच तो!"

आफ्रिकन टॉल! माझ्या शेताच्या आत, दोन ओळींत!

आज ४२ वा दिवस. ती ताटं लगेच ओळखू येतात, उशिरा लावूनही गोड मक्याच्या वर हातभर गेलीयत. मोजली, अकरा आहेत. काल उपटायला गेलो तर आई मेरेवर येऊन उभी राहिली. तिला भाजायला कणसं हवीत, गोड मका तिला आवडतच नाही, आणि "अकरा ताटांनी तुझं काय जातंय?" बीजपेटीताई, आता काय?

बीजपेटी
आईंशी भांडू नका. पोंग्यातून तुरा डोकावला की उघडायच्या आत ओढून काढा, खालचं पान न मोडता. संकरित बी बनवताना बियाणं कंपन्या मादी ओळींचं हेच करतात. पण सगळी ताटं एकाच दिवशी तुऱ्यावर येत नाहीत, रोज बघावं लागेल.

वायंगणी
ठीक. दाणे भरायला पराग मग माझ्याच मक्याचा मिळेल तर मिळेल, नाहीतर आईची कणसं बोडकी राहतील, ते तिला आत्ता सांगत नाही. अकरा ताटांना लाल चिंधी बांधून आलोय. उद्यापासून कामावर जायच्या आधी सातला शेतात.